राडेगुंडचा शेतकरी आणि त्याचे चरित्रकार

संतांची चरित्रे लिहिणाऱ्यांना एका गोष्टीची मोठी अडचण होते, आणि ती म्हणजे संताची बायको. चरित्रनायक विरक्त असला तर काम सोपे असते. घर सुटले की कथा सरळ डोंगराच्या वाटेला लागते. पण माणूस बायकामुलांत राहणारा, गोठ्यातले शेण काढणारा, पेरणीची आणि पावसाची काळजी वाहणारा असला, की चरित्रकार गडबडतो. मग तो त्या बायकोला एक तर कजाग ठरवतो किंवा देवी करून देव्हाऱ्यात बसवतो. तुकोबांच्या आवलीचे कीर्तनकारांनी काय केले, ते आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही युक्त्यांचा हेतू एकच: तिला बोलू द्यायचे नाही.

मराठीत या अडचणीतून एकदा फार सुंदर सुटका झाली, कारण तेथे लेखणी बायकोनेच हाती घेतली. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी म्हणून मोठे आहेत, भक्त म्हणूनही मोठे आहेत, पण त्याचबरोबर ते कोणाला न सांगता घरातून निघून जाणारे, हातात पैसा न टिकणारे असे एक नवरेही आहेत. लक्ष्मीबाईंनी त्यांचे मोठेपण तसूभर कमी केले नाही आणि स्वतःचे हालही लपवले नाहीत. 1895 मध्ये टिळकांनी धर्मांतर केले, त्याची किंमत घरातल्या माणसाने कशी मोजली हे त्या पुस्तकात आहे, म्हणून तर त्या धर्मांतराचे वजन आपल्याला कळते.

फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याच्या चरित्राकडे मी याच दृष्टीने पाहतो. दिवाळीच्या अंकात शिरच्छेदाची हकीकत कशाला, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर इतकेच, की ही हकीकत मुख्यतः एका लग्नाची आहे. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी आणि चित्रपट काढणाऱ्यांनी ते पुरते ओळखले आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

हकीकत थोडक्यात अशी. फ्रान्झचा जन्म 20 मे 1907 रोजी उत्तर ऑस्ट्रियातल्या सांक्त राडेगुंड या लहानशा गावी झाला. गाव जर्मनीच्या सरहद्दीला लागून. आणि हिटलर ज्या ब्राउनाउ गावी जन्मला, तेही त्याच टापूत. फ्रान्झची आई मोलकरीण होती. त्याचा बाप आणि ती यांना लग्न करण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून मूल आजीने वाढवले. पुढे बाप पहिल्या महायुद्धात मेला. 1917 मध्ये आईने येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले, त्याने मुलाला आपले नाव दिले आणि पुढे शेतही दिले. फ्रान्झ तरुणपणी काही सोवळा नव्हता. तो लोखंडाच्या खाणीत तीन वर्षे कामाला होता, परत आला तो मोटरसायकल घेऊन, आणि गावातली ती पहिलीच मोटरसायकल. 1933 मध्ये त्याला लग्नाबाहेर एक मुलगीही झाली. 9 एप्रिल 1936 रोजी, ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी, त्याने शेजारच्या भागातल्या फ्रान्झिस्काशी लग्न लावले. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. लग्नानंतर दोघे रोमच्या यात्रेला गेली. 1937, 1938 आणि 1940 या वर्षी तीन मुली झाल्या.

भाविक ख्रिस्ती शेतकरी म्हटले की आपल्याकडे वसईच्या बाजूचे चित्र सहज डोळ्यांपुढे येते. केळी आणि पानवेलींच्या वाड्यांत पिढ्यान्पिढ्या पाणी धरणारी, पहाटेच्या मिस्साला जाणारी माणसे तेथे होऊन गेली. फ्रान्झ याच जातकुळीचा. 1940 च्या डिसेंबरात तो संत फ्रान्सिसच्या ज्या संघात दाखल झाला, तो संघही संसारी माणसांसाठीच आहे. त्यात घर सोडावे लागत नाही. अरणच्या सावता माळ्याने पंढरीसाठी मळा सोडला नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा मार्ग वेगळा समजावून सांगावा लागू नये.

1938 च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि 10 एप्रिलला त्यावर लोकांची संमती घेतली. सांक्त राडेगुंडमध्ये विरुद्ध मत एकट्या फ्रान्झचे पडले. त्यानंतर त्याने सरकारशी देवघेव अशी कोणतीच ठेवली नाही. मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता घेतला नाही. एकदा गारपिटीने पीक झोडपले, तेव्हाची नुकसानभरपाईही नाकारली. मतदान एका सकाळचे असते. गारांनी आडवे झालेले शेत समोर दिसत असताना पैसे परत करायचे, आणि मग त्याच दिवशी संध्याकाळी बायकोबरोबर जेवायला बसायचे, हे निराळे काम आहे.

1940 मध्ये त्याला दोनदा सैन्यात नेले. त्याने सुमारे सहा महिने शिक्षणही घेतले. 1941 च्या एप्रिलमध्ये शेतीसाठी आवश्यक माणूस म्हणून त्याला घरी सोडले, आणि घरी आल्यावर तो सांगू लागला की पुन्हा बोलावले तर जाणार नाही. बोलावणे 1943 च्या फेब्रुवारीत आले. 1 मार्चला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती. ती कोणी मानली नाही. आधी लिंट्सचा तुरुंग, मग बर्लिनमधला टेगेलचा. 6 जुलैला लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली आणि 9 ऑगस्ट 1943 रोजी दुपारी चार वाजता ब्रांडेनबुर्ग येथे गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. तो छत्तीस वर्षांचा होता. थोरली मुलगी सहा वर्षांची पुरी झाली नव्हती.

ही कथा जगापुढे आणली ती गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने. झान स्वतः कॅथलिक, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनीही सदसद्विवेकाचा हवाला देऊन शस्त्र धरण्याचे नाकारले होते. जर्मन कॅथलिकांनी हिटलरच्या युद्धांना कसा पाठिंबा दिला याचा शोध घेताना त्यांना हा शेतकरी सापडला. मग ते गावात गेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, धर्मगुरूंना, फ्रान्झिस्काला भेटले, आणि 1964 मध्ये त्यांचे ‘इन सॉलिटरी विटनेस’ हे पुस्तक आले. नावाचा अर्थ ‘एकाकी साक्ष’.

पुस्तक मोलाचे आहे, आणि मोलाचे आहे ते नायकापेक्षा शेजाऱ्यांमुळे. झान यांना गावात राक्षस भेटले नाहीत. फ्रान्झ चांगला होता, कष्टाळू होता, गरिबांना धान्य देत असे, हे सगळ्यांनी कबूल केले. फक्त धर्माच्या बाबतीत तो जरा अति करी, असे त्यांचे म्हणणे. माणूस त्यांना मान्य होता, त्याची कृती नव्हती. गावाने त्याला आपल्यातच ठेवून घेतले आणि त्याच्या कृतीला मात्र डोक्याचा बिघाड म्हणून बाजूला काढले. हे निदान मला फार भेदक वाटते. उघड शत्रूशी झगडता येते. पण ‘तसा तो भला हो, पण...’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ शेजाऱ्याशी कसे झगडावे? आपल्या कोणत्याही गावाच्या पारावर हे वाक्य ऐकू येईल.

झान यांचा दोष त्यांच्या नावातच आहे. त्यांना एकटा माणूस हवा होता. एका बाजूला व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूला राज्य, चर्च, गाव, असा तो शास्त्रीय पेच आहे आणि पेचासाठी व्यक्ती एकच लागते. गावातले काही लोक आणि खुद्द फ्रान्झची आई, लग्नानंतर सुनेनेच त्याला इतके धार्मिक केले, असा ठपका फ्रान्झिस्कावर ठेवत. झान हा आरोप नोंदवतात, पारखतात आणि पुढे जातात. मला वाटते, थांबायचे ते तेथेच. लग्नाने माणूस बदलला हे गावाने बरोबर पाहिले होते. फक्त त्याला त्यांनी गुन्हा म्हटले.

याच पुस्तकाच्या निमित्ताने या दूरच्या शेतकऱ्याचा मुंबईशी एक धागा जुळला. 1937 पासून मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स पुढे आपली जागा भारतीय माणसाला मिळावी म्हणून बाजूला झाले होते. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात येगरश्टेटरचे उदाहरण घेऊन, शस्त्र नाकारणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा चर्चने मान राखावा, अशी मागणी केली. परिषदेच्या त्या वर्षीच्या घोषणापत्रात अशा माणसांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, असे कलम आले. फ्रान्झच्या हयातीत मात्र त्याचा स्वतःचा बिशप काय म्हणाला होता? लिंट्सचे बिशप फ्लीसर यांच्याकडे तो सल्ल्यासाठी गेला, तेव्हा त्यांनी त्याला बापाचे कर्तव्य सांगितले: राज्याच्या पापाचा जबाब राज्य देईल, तू मुलाबाळांकडे पाहा. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्याच बिशपांनी फ्रान्झवरचा एक लेख धर्मप्रांताच्या पत्रात छापू दिला नाही.

बिशपांवर तोंडसुख घेणे आज सोपे आहे. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि जो टीकाकार तो टाळतो त्याला या चरित्रातले काही कळले असे मी मानणार नाही. तीन मुलींच्या बापाला मरण पत्करण्याचा अधिकार आहे काय? त्याने सही केली असती तर हिटलरच्या सैन्यात एका शिपायाची भर पडली असती, एवढेच. सही न केल्याने युद्ध एक तासानेही लवकर संपले नाही. शेवटच्या रात्री तुरुंगातल्या धर्मगुरूने पाहिले, की त्याच्या कोठडीतल्या टेबलावर कागद तयार होता. सही केली तर जीव वाचला असता. त्याने तो कागद बाजूला सारला. वाचकाच्या, विशेषतः वाचणाऱ्या एखाद्या आईच्या, मनात येथे राग आला तर मी त्याला अरसिकपणा म्हणणार नाही.

या रागाला जागा द्यायची की नाही, ही प्रत्येक चरित्रकाराची खरी कसोटी आहे. टेरेन्स मॅलिक यांचा ‘अ हिडन लाइफ’ हा चित्रपट 2019 मध्ये आला. जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट तिच्यात अर्धाच उतरतो. आधी त्याचे देणे मान्य करू. मॅलिक यांनी फ्रान्झिस्काला नुसती वाट पाहणारी ठेवले नाही. ती शेतात राबते, सासूचे बोलणे सोसते, गावकऱ्यांची पाठ पाहते. तुरुंग आणि शेत आळीपाळीने दिसत राहतात, त्यामुळे एकाच्या नकाराची मजुरी दुसऱ्याच्या हातांनी भरावी लागते हे डोळ्यांना पटते. झान यांच्या पुस्तकात हे नव्हते. व्हॅलेरी पाख्नर या अभिनेत्रीने ते काम फार समजून केले आहे.

पण मॅलिक यांना डोंगरांचा मोह आवरत नाही. खरे सांक्त राडेगुंड हे उतरत्या टेकड्यांच्या, साध्या कुरणांच्या मुलखातले गाव आहे. चित्रपटात मात्र मागे उत्तुंग शिखरे उभी असतात आणि ढग त्यांवरून जणू मिस्सा म्हणत जातात. इतक्या देखण्या जागी वाईट काय ते बाहेरूनच येणार, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. खऱ्या गावात वाईट बाहेरून आले नव्हते. ते ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्या आवाजात बोलत होते. भाषेचीही तीच गत. सज्जन माणसे चित्रपटात इंग्रजी बोलतात, आणि आरडाओरडा व शिवीगाळ तेवढी जर्मनमध्ये, तीही न समजेल अशी. फ्रान्झ आणि फ्रान्झिस्का एकमेकांशी ज्या भाषेत प्रेमाने बोलली, ती भाषा दुष्टांच्या वाट्याला टाकून देणे हा मला त्या दोघांवर अन्याय वाटतो. शेजारीही झान यांनी दाखवले तसे अवघड राहत नाहीत, थुंकणारे होतात, आणि थुंकणाऱ्या माणसाशी आपले काही नाते आहे असे पाहणाऱ्याला वाटत नाही.

याहून मोठी उणीव अशी, की चित्रपटातला फ्रान्झ फार थोडे बोलतो. त्याचे मौन सुंदर आहे, पण ते त्याचे नव्हे. खेड्यातल्या शाळेत शिकलेला हा माणूस वह्या भरून लिहीत असे. रशियावर जे युद्ध चालू आहे ते खरोखर बोल्शेविझमविरुद्ध आहे, की तेथल्या खनिजांसाठी, तेलाच्या विहिरींसाठी आणि धान्याच्या जमिनीसाठी, हा प्रश्न त्याने लेखी विचारला होता. मनोरुग्णांना सरकार ठार मारत असल्याचे त्याच्या कानी आले होते आणि ते त्याने विसरू दिले नाही. 1938 च्या जानेवारीत त्याला एक स्वप्न पडले होते: डोंगराला वळसा घालून एक झगझगीत आगगाडी येते, लहानथोर सारे तिच्यात चढायला धावतात, आणि एक आवाज सांगतो की ही गाडी नरकाला जाते. हे स्वप्न त्याने लिहून ठेवले, त्यावर विचार केला, आणि गाडी कोणती याचा अर्थ लावला. शेतकरी म्हटला की त्याने विचार करू नये, नुसते क्षितिजाकडे पाहावे, ही शहरी कलावंतांची जुनी समजूत आहे. आपल्या ग्रामीण कथांनाही ती पुष्कळ भोवली आहे.

म्हणून मी झान आणि मॅलिक या दोघांच्याही वर ठेवतो ती त्या नवराबायकोची पत्रे. एर्ना पुट्झ या ऑस्ट्रियन लेखिकेने वर्षानुवर्षे खपून फ्रान्झचे चरित्र लिहिले, त्याचे लेखन छापले आणि दोघांचा पत्रव्यवहार एकत्र केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रांत साहित्य म्हणावे असे काही नाही. तुरुंगातून तो शेतातल्या कामांची चौकशी करतो, मुलींना आठवतो, देवाची आठवण देतो. ती घरचे आणि शेताचे लिहिते. लग्नाला सात वर्षे झाली त्या दिवशी, 9 एप्रिल 1943 ला, तो लिंट्सच्या तुरुंगात होता आणि तेथून त्याने त्या सात वर्षांबद्दल आभार मानले. एका छायाचित्रात तीन लहान मुली ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्या हातात पाटी आहे: बाबा, लवकर या. हे छायाचित्र पाहिल्यावर बिशपांचा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. तो फ्रान्झलाही पुस्तकातला नव्हता. मुलींच्या डोळ्यांत पाहूनच त्याने नाही म्हटले, एवढेच पत्रे सांगतात, आणि त्याहून गोड काही सांगत नाहीत.

आणि फ्रान्झिस्का? तिने आधी त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. हे तिने कधी लपवले नाही. पण आई, नातलग, धर्मगुरू असे सगळेच त्याच्याशी वाद घालत आहेत हे पाहिल्यावर ती थांबली; मी बाजूला उभी राहिले नसते तर त्याला कोणीच उरले नसते, अशा अर्थाचे तिने पुढे सांगितले. तेव्हा ही साक्ष ‘एकाकी’ कशी? जुलै 1943 मध्ये ती गावच्या तरुण धर्मगुरूबरोबर बर्लिनला गेली. भेट वीसएक मिनिटांची झाली. त्या मिनिटांतही धर्मगुरू त्याला माघार घ्यायला सांगत होता. म्हणजे त्या खोलीत नवऱ्याच्या बाजूने बसलेले माणूस तिच्याशिवाय दुसरे नव्हते.

झान आणि मॅलिक दोघेही आपली गोष्ट साधारण गिलोटिनपाशी संपवतात. वास्तविक फ्रान्झिस्काच्या वाट्याचा मोठा भाग तेथे सुरू होतो. ती तेव्हा तीस वर्षांची होती. तीन मुली, म्हातारी सासू आणि शेत. फ्रान्झची राख 1946 मध्ये गावी आणून चर्चच्या भिंतीशी पुरली. युद्धात मेलेल्या शिपायांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळाले. हिला ते 1950 पर्यंत नाकारले गेले, कारण तिचा नवरा देशासाठी मेला नव्हता, असे समजण्यात येई. बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली ती 1997 मध्ये. 26 ऑक्टोबर 2007 रोजी लिंट्सच्याच कॅथीड्रलमध्ये चर्चने फ्रान्झला ‘धन्य’ म्हणून घोषित केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तेथे हजर होती. 2013 च्या मार्चमध्ये तिने वयाची शंभर वर्षे पुरी केली आणि त्याच महिन्यात ती वारली.

लक्ष्मीबाईंसारखे पुस्तक तिने लिहिले नाही. तिला कोणी तसे सांगितलेही नसेल, आणि गोठ्यातून वेळ कुठे होता! फ्रान्झ सैन्यात जाण्याआधी गावच्या चर्चची देखभाल करी; वेदी मांडणे, मिस्साची तयारी ठेवणे ही कामे त्याच्याकडे होती. तो गेल्यावर ते काम फ्रान्झिस्काने आपल्याकडे घेतले. त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांसाठी, ती ते करीत राहिली.